मे महिन्यात मुलं कोकणात पाठवताय? पहिले आठ दिवस सांभाळा

ताई, तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी लिहितो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पुण्याच्या. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. दोघांना १ मेपासून महिनाभर देवगड तालुक्यातल्या घरी आजी-आजोबांकडे ठेवायचं आहे. जाऊबाई चार महिन्यांचं बाळ घेऊन येणार आहेत. गेल्या वर्षी मुलगा गावी पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी उलट्या-जुलाबांनी आडवा झाला, सलाईन लावावं लागलं, आणि नंतर अंगावर फोड आले. ‘आंबे बाधले’ असं घरात ठरलं. यंदा पाठवू की नको, समुद्रावर जाऊ देऊ का, बाळाला पाणी पाजायचं का, आणि आजोबा विहिरीत पोहायला शिकवतो म्हणतात ते ऐकायचं का, एवढं तुम्ही विचारलंय.

पाठवा. मी पंचवीसेक वर्षं कोकणात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतोय. मे महिन्यात माझ्या ओपीडीत निम्मी मुलं चाकरमान्यांची असतात. कागदावर नाव लिहिताना मी पहिला प्रश्न ‘काय होतंय’ असा विचारत नाही, ‘गावी कधी आलात’ असं विचारतो. उत्तर बहुतेक वेळा ‘परवा’ किंवा ‘रविवारी’ असं येतं. महिनाभर राहिलेलं मूल चौथ्या आठवड्यात क्वचितच दिसतं, आणि दिसलं तर झाडावरून पडून हात मोडलेला असतो. म्हणून मी म्हणतो, सगळी काळजी महिनाभर सारखी वाटून घेऊ नका. पहिल्या आठ दिवसांत जास्त घ्या.

कारण सांगतो. तुम्ही फोनवर बघता, पुणे ३९ आणि देवगड ३४, आणि वाटतं चला, मुलांना जरा गारवा मिळेल. पण पुण्याची हवा कोरडी, घाम येतो आणि लगेच वाळतो. वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. आमच्याकडे हवेतच इतकं पाणी की घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, गारवा मात्र मिळत नाही. हवामान खातंसुद्धा सपाट मुलखात ४० अंशांच्या पुढे उष्णतेची लाट धरतं, किनारपट्टीला ३७ वरच. शरीराला या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, लहान मुलांना जरा जास्तच. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. गावातली पोरं दुपारी सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, क्रिकेट खेळतात आणि त्यांना काही होत नाही, ते एवढ्यासाठी. तुमचा मुलगा पहिल्याच दिवशी त्यांच्याबरोबर धावतो. त्याला वाटतं आपणही त्यांच्यातलेच. वाटू दे, पण पहिला आठवडा अकरा ते चार घरात, पडवीत किंवा आंब्याच्या गर्द सावलीत. कातळावर तर नकोच, तो खालून भाजतो.

पाणी तहान लागेल तेव्हा, हा नियम खेळणाऱ्या मुलाला चालत नाही, कारण खेळताना त्याला तहान कळत नाही. वीस किलोच्या मुलाला एरवीच सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास पातळ लागतं, मे महिन्यात खेळणाऱ्याला त्याहून बरंच जास्त. मोजत बसू नका, लघवी बघा. सकाळपासून दुपारपर्यंत मूल एकदाही गेलं नसेल किंवा लघवी गडद पिवळी असेल, तर पाणी कमी पडतंय. प्यायला काय, याचं उत्तर आजीच्या स्वयंपाकघरात आहे: मीठ घातलेलं ताक, पन्हं, कोकमाचं सरबत, शहाळं, आणि सकाळची पेज. पेजेला मी सर्वांत जास्त मार्क देतो. भाताचं पिठूळ पाणी आणि चिमूट मीठ, आतड्याला यापेक्षा सोपं काही नाही. शहाळ्याबद्दल एक गैरसमज काढतो. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. एरवी प्यायला उत्तम, जुलाब होत असताना ओआरएसच्या जागी नाही.

आता गेल्या वर्षीचं आजारपण. तुम्ही लिहिलंय की घरी ओआरएस दिलं तरी उलट्या थांबल्या नाहीत, उलट तहान वाढली. मला शंका येते ती अशी. काही वर्षांपूर्वी एक आजी नातीला घेऊन आल्या. पोर सुकलेली, चिडचिडी, जीभ कोरडी, आणि पाण्यासाठी अक्षरशः हावरी. ‘चार पुड्या दिल्या डॉक्टर,’ आजी म्हणाल्या. कशात कालवल्या? आजींनी पिशवीतून स्टीलचा पेला काढून दाखवला. लिटरभर पाण्याची पुडी पेल्यात! म्हणजे मिठाचं प्रमाण चौपट-पाचपट. असं पाणी तहान भागवत नाही, वाढवतं, आणि रक्तातलं मीठ चढलं की मुलाला झटके येऊ शकतात. आजींची चूक नव्हती, त्यांना पुडी देणाऱ्या कुणी सांगितलंच नव्हतं. मीही आधी तोंडी सांगून मोकळा व्हायचो. तेव्हापासून लिटरची बाटली टेबलावर ठेवून पुडी कालवून दाखवतो.

तर मोठी पुडी, साधारण २०.५ ग्रॅमची, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, सगळी एकदम. अर्धी पुडी अर्ध्या लिटरात असा हिशेब करू नका. छोट्या पुड्या २०० मिलीच्याही मिळतात, म्हणून पाकिटावरचं वाचा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकायचं. दोन वर्षांवरच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे १०० ते २०० मिली, त्याहून लहान असेल तर त्याच्या निम्मं, तेही चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे सपाट. दुकानातली रंगीत, गोड ‘ओआरएस’ नावाची पेयं मात्र बाजूला ठेवा. त्यांत साखर इतकी असते की जुलाब वाढतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली, पण दुकानदाराच्या तोंडी तो अजून आहे. औषधाच्या दुकानात ‘डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला’ असं म्हणून मागा.

जुलाब आले कुठून? आंब्यातून नाही. मे अखेरीला विहिरीचा तळ दिसू लागतो, उरलेलं पाणी गढूळ, आणि गावात माणसं दुप्पट. घरच्यांना त्या पाण्याची सवय असते, तुमच्या मुलाला नसते. महिनाभर मुलांना उकळलेलं पाणी, बस. ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर टाकते का ते आजोबांना विचारायला सांगा. आणि जत्रेतला बर्फाचा गोळा नको, त्या बर्फाचं पाणी कुठलं हे देवच जाणे.

फोडांबद्दल. ‘आंबा उष्ण, म्हणून फोड’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही. पण खरं बघा. आधी घामोळं उठतं, ते मूल नखाने खाजवतं, नखाखालचे जंतू कातडीत शिरतात, फोड होतात. नेमका तोच आंब्याचा हंगाम, म्हणून आळ आंब्यावर. उपाय: दोन वेळा आंघोळ, सैल सुती कपडे, नखं कापलेली. पावडर फासू नका, घामाबरोबर तिचा थर बसतो आणि लहान बाळाच्या श्वासात जाते. फोडात पू झाला, ताप आला, तर डॉक्टर. ओठांभोवतीचं लाल, चरचरीत पुरळ मात्र खरोखर आंब्याचं असतं, देठाच्या चिकाचं. आंबा अर्धा तास पाण्यात टाकून, देठाकडचा भाग कापून द्या. मग दिवसाला दोन खाल्ले तरी माझी हरकत नाही.

चिकावरून काजू आठवला, आणि याबद्दल शहरातल्या आईवडिलांना काही म्हणजे काही माहीत नसतं. काजूच्या बीच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. दरवर्षी दोन-तीन मुलं येतात, बोटं आणि ओठ काळे पडून फोड आलेले: मागच्या परसात पोरांनी मिळून काजू भाजले, तेल फट्कन उडालं, किंवा कुणी कच्ची बी दातांनी फोडली. एकदा एका मुलाच्या पापणीवर उडालं होतं, डोळा थोडक्यात वाचला. काजू भाजणं हे मोठ्यांचं काम, मुलं दहा हात लांब. ओले काजूगर सोलायची हौस असेल तर हाताला आधी खोबरेल तेल. चीक लागलाच तर साबणपाण्याने भरपूर धुवायचं. हळद, चुना, टूथपेस्ट यांपैकी काही नाही. आणि मुलगी चारच वर्षांची आहे ना, तिला अख्खे काजू, शेंगदाणे, फणसाच्या आठळ्या देऊ नका. जांभळं बी काढून. श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा काढायला मुलाला मोठ्या शहरात न्यावं लागतं, आणि तो रस्ता फार लांबचा असतो.

बाळाला पाणी नको. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, देवगडच्या मे महिन्यातसुद्धा. दुधात जवळजवळ ८७-८८ टक्के पाणीच असतं. बाळ जास्त वेळा मागेल, जास्त वेळा पाजायचं, आणि पाणी प्यायचं ते जाऊबाईंनी. दिवसाला सहा-सात दुपटी ओली होतायत ना, मग बाळ ठीक आहे. सासूबाईंना सांगताना ‘डॉक्टर म्हणाले’ असं म्हणा, माझ्यावर ढकला, मला सवय आहे. मधाचं बोटही वर्षापर्यंत नको, मधातल्या जंतूंमुळे बाळाला अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो.

ऊन लागणं आणि उष्माघात यांतला फरक घरात सगळ्यांना माहीत हवा. मूल दमलंय, डोकं दुखतंय, मळमळतंय, अंग घामेजलेलं आहे, पण शुद्धीत आहे आणि नीट बोलतंय: सावलीत, पंख्याखाली, मीठ-साखरेचं पाणी, तासाभरात सुधारतं. तेच मूल बरळायला लागलं, झोकांड्या खायला लागलं, झटका आला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात. तापाचं औषध देण्यात वेळ घालवू नका, या तापावर ते चालत नाही. कपडे काढा, विहिरीचं पाणी कळशीने ओता आणि पंखा लावा किंवा सुपाने वारा घाला. तोंडात पाणी घालू नका, ठसका लागेल. १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत आणि गाडीतही पाणी ओतत राहा. आणि हो, बाजारात ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून मुलांना बंद गाडीत ठेवणारे आईवडील दरवर्षी दिसतात. सावलीतली गाडीसुद्धा तापते.

आता रात्र. उकडतं म्हणून सगळे खळ्यात किंवा पडवीत अंथरुणं टाकतात, आणि मुलांना सुट्टीत तेच सर्वांत आवडतं. झोपू द्या, पण खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून. कारण मण्यार. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, चावल्याचं कळतही नाही. पहाटे मुलाच्या पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात, बोलणं जड होतं. असं दिसलं तर खूण सापडो न सापडो, साप धरूनच चाला. फुरसं दिवसाही भेटतं, जांभ्याच्या गडग्यात (कुंपणाच्या दगडी बांधात), दगडाखाली, पालापाचोळ्यात. ते एवढंसं असतं म्हणून मुलं काठीने डिवचायला जातात. चावलं तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. हात किंवा पाय मोडल्यावर जसा काठीच्या आधाराने स्थिर ठेवतो तसा ठेवायचा, मुलाला चालवायचं नाही, आणि सर्पदंशाची लस असेल अशा सरकारी रुग्णालयात थेट. निघण्यापूर्वी फोन करून विचारा. मुलाला डोस मोठ्या माणसाइतकाच लागतो, कारण सापाने विष मूल बघून कमी सोडलेलं नसतं. हे ऐकून पालक दचकतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

विंचवाचं वेगळं. मोठी काळी इंगळी बघून लोक घाबरतात, घात करतो तो लहान लाल विंचू. एका रात्री साडेअकराला एक मूल आलं, बाहेर ठेवलेल्या बुटात पाय घातला आणि डंख बसला. वडील म्हणाले, ‘रडायचा थांबला, म्हणून उद्या आणणार होतो.’ मी पायाला हात लावला, बर्फासारखा गार. कपाळावरून घाम निथळत होता, दोनदा उलटी झाली होती. दुखणं थांबलं होतं, विष मात्र हृदयाकडे चाललं होतं. अशा मुलाला वेळेत प्राझोसिन हे औषध दिलं की ते वाचतं, आणि हे शोधलं महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी. विंचूदंशाच्या लक्षणांवरचं त्यांचं काम १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठ्या संस्थेच्या प्रयोगशाळेतून नाही, कोकणातल्या विंचवांच्या रुग्णांजवळ बसून. मला ते नाव उच्चारताना अजून बरं वाटतं. त्या मुलाला आम्ही रात्रभर पाहिलं, सकाळी त्याने चहा-बिस्किट मागितलं. तुम्ही लक्षात ठेवायचं ते एवढंच: डंखानंतर घाम, उलटी, गार हातपाय दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. बूट-चपला झटकून घालायच्या, लाकडाच्या ढिगात हात घालायचा नाही, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर.

दोडामार्ग-सावंतवाडीकडे नातेवाईक असतील तर आणखी एक. तिकडे २०१६ पासून माकडताप आढळलाय, गोचिडीतून येतो, हंगाम जून उजाडेपर्यंत. काजूच्या बागेत मेलेलं माकड दिसलं तर मुलांनी जवळ जायचं नाही, मोठ्यांनी आरोग्य केंद्राला कळवायचं. कुत्रा चावला किंवा नुसतं ओरबाडलं तरी पंधरा मिनिटं साबणाने धुणं आणि त्याच दिवशी इंजेक्शन, पिल्लू असलं तरी.

समुद्राबद्दल मी कडक आहे. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं बुडाली, तीही पावसाळा नसताना. आणि मे अखेरीला तर वारा फिरतो, समुद्र खवळायला लागतो. ‘गुडघाभर पाण्यात’ हा शब्दच फसवा. पायाखालची वाळू सरकली की गुडघ्याचं गळ्याशी यायला एक लाट पुरते. ओहोटीत पाणी आत ओढतं, म्हणून ओहोटी लागली की मुलं बाहेर. वेळ काढायची कोळ्यांची युक्ती सांगतो: तिथीला पाऊणने गुणा. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचारच्या सुमाराला भरती, मग सहा तास ओहोटी. पुनव-अवसेला दुपारी बाराच्या आसपास, आणि त्या दिवसांत उधाण. हिशेब अंदाजाचा आहे, मिनिटाचा नाही, पण किनाऱ्यावर जायची वेळ ठरवायला पुरतो. शेवटचा शब्द गावच्या कोळ्याचा, ‘आज नको’ म्हणाला की नको. खडकांवर नाही, खाडीच्या मुखाशी नाही, आणि एका मोठ्या माणसाने मोबाईल खिशात ठेवून फक्त मुलांकडे बघायचं. बुडणारं मूल ओरडत नाही, गप्प होतं.

पाण्यातून काढलेलं मूल श्वास घेत नसेल तर उलटं टांगू नका, पोट दाबून पाणी काढत बसू नका. त्यात मिनिटं जातात. आडवं ठेवा, मान किंचित मागे, तोंडाने पाच श्वास द्या, प्रतिसाद नसेल तर छाती दाबायला लागा: तीस दाब, दोन श्वास. शुद्धीवर आलं तरी रुग्णालयात न्या, काही तासांनी श्वास पुन्हा बिघडू शकतो.

राहिली विहीर. आजोबांना शिकवू द्या, मनापासून सांगतो. पोहता येणारं मूल मला जास्त आवडतं. पण पहिल्या आठवड्यात नाही, आणि पायऱ्या असलेल्या विहिरीतच. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, वरून उडी नाही, खालचा खडक दिसत नाही. सोडणासकट सुक्या नारळांची जोडी काखेखाली, कमरेला दोर, आणि पोहणारा एक मोठा माणूस आधी पाण्यात उतरलेला. चार वर्षांच्या मुलीला विहिरीच्या कठड्यापाशीही एकटं जाता येऊ नये. कठडा नसेल तर आल्या दिवशी बांबू आडवे बांधून घ्या. शिकवायचं आजोबांनीच, पण दोराचं दुसरं टोक धाकट्या दिराच्या हातात द्या. आजोबांचं वय तुम्ही ७४ लिहिलंय.